वाचक विचारतात : रावसाला आमिष कोणतं, जुळणी कोणती?

गेल्या अंकात खाडीतल्या मासेमारीवर चार ओळी छापल्या आणि पत्रांचा ओघ लागला. निम्म्याहून जास्त पत्रं रावसाबद्दलची. त्यातली निवडक पत्रं कापून-छाटून इथे घेतली आहेत. उत्तरं मुंबई आणि आजूबाजूच्या खाड्यांचा विचार करून दिली आहेत. एक पत्र मात्र थेट कॅनडाला जाणाऱ्या बाईंचं आहे, त्यांना तिकडचं उत्तर दिलं आहे.

मी गोराई खाडीच्या कडेला गळ टाकतो. बाजारातली कोळंबी सोलून लावतो. दर वेळी शिंगाळाच लागतो, रावस नाही. शेजारी बसणारे काका म्हणतात जिवंत कोळंबी लाव, दुकानदार म्हणतो रबरी मासा घे. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, बोरिवली

काकांचं ऐका. दुकानदाराचं म्हणणं चूक नाही, पण त्याची वेळ वेगळी.

शिंगाळा वासावर येतो आणि तळाचा चिखल चाळत खातो. सोललेली मेलेली कोळंबी चिखलात पडून राहिली, की ती त्याचीच. रावसही तळाजवळच फिरतो, पण त्याची खायची रीत वेगळी आहे. त्याचं तोंड नाकाडाच्या खाली असतं, डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो आणि छातीच्या परांखाली चार सुटे तंतू लोंबतात. गढूळ पाण्यात तो या तंतूंनी चाचपत, चालत्या पाण्याच्या कडेकडेने जातो आणि पुढे पळणारी कोळंबी किंवा बारका मासा गिळतो. म्हणून आमिष तळापासून वीतभर ते हातभर वर हवं, आणि हलतं हवं. एवढं साधलं की शिंगाळे आपोआप कमी होतात. पूर्ण बंद होणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका.

पसंतीचा क्रम लावायचा तर पहिली जिवंत कोळंबी, बोटाएवढी, म्हणजे ७-८ सेंटीमीटरची. दुसरी जिवंत बोय, म्हणजे खाडीतला बारका मासा, १० ते १२ सेंटीमीटर. बोय लावली की चावे कमी येतात, पण येतो तो मासा मोठा असतो, आणि जिताड्याचीही आशा राहते. तिसरी त्याच दिवशीची ताजी कोळंबी, सालासकट आणि डोक्यासकट. चौथी अख्खी ताजी मांदेली. बांगड्याचे किंवा तारलीचे तुकडे सगळ्यात शेवटी, कारण तेलाचा वास लांब जातो आणि पुन्हा शिंगाळे आणि पाकटच गोळा होतात.

सोललेली फ्रोझन कोळंबी घेऊच नका. वितळली की ती मऊ पडते, फेकतानाच गळावरून निसटते आणि तुम्ही अर्धा तास नुसता रिकामा गळ धरून बसता. ताजी मिळाली पण लांब फेकायची आहे, अशा वेळी ती मिठात कडक करून घ्या. अर्धा किलो सालासकट कोळंबीला दीड-दोनशे ग्रॅम खडे मीठ, थर देऊन चाळणीत ठेवायची, खाली ताट, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळपर्यंत पाणी सुटून ती चिवट होते. वास थोडा कमी होतो, पण गळावर टिकते.

आता जागेबद्दल. गोराई, मनोरी, मार्वे या पट्ट्यात ओहोटी लागली की खाजणातलं पाणी बारक्या चरांनी खाडीत उतरतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोयीची पिल्लं बाहेर पडतात. चराच्या तोंडाशी गढूळ आणि जरा नितळ पाण्याची रेघ दिसते. आमिष त्या रेघेवर पडलं पाहिजे. खाडीच्या मधोमध सत्तर मीटर फेकणारा उपाशी बसतो, आणि चराच्या तोंडाशी पंधरा मीटरवर टाकणाऱ्याला रावस लागतो, हे नेहमीचंच चित्र आहे.

जिवंत कोळंबी मिळवायची कुठून, टिकवायची कशी आणि टोचायची कुठे? माझी अर्ध्या तासात पांढरी पडून मरते.
— एक वाचक, ठाणे

पांढरी पडते म्हणजे एक तर पाणी तापतंय किंवा पाण्यातली हवा संपतेय. बहुधा दोन्ही.

मिळवायला पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, हाच खरा मार्ग. ओहोटीच्या शेवटी चरांमध्ये पाग टाकला की कोळंबी आणि बोय दोन्ही हाताला लागतात. पाग येत नसेल तर धक्क्यावर छोट्या होड्या लागतात तिथे विचारा. डोलीच्या जाळ्यातली कोळंबी जिवंत मिळणं कठीण, कारण ती जाळ्याच्या टोकाशी दाबली जाते.

टिकवायला दहा लिटरच्या बादलीत पंधरा-वीस कोळंब्या पुरे. जास्त घालण्याचा मोह हाच पहिला घात. पाणी त्याच खाडीचं घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि त्यात मीठ टाकून खाडी होत नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. बादली सावलीत, वरून ओलं गोणपाट. पाणी तापू लागलं की गोठवलेली पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून, बादलीत सोडा. सुटा बर्फ टाकला की पाणी गोडं होतं आणि कोळंबी दगावते. मेलेली दिसली की लगेच उचला, ती बाकीच्यांचं पाणी नासवते.

टोचायच्या जागा दोन. एक, शेपटीच्या पंख्याच्या आधीचा शेवटचा पेरा: गळ खालून वर, आरपार. लांब फेकताना हीच जागा बरी, कारण कोळंबी सरळ राहते आणि हवेत फिरत नाही. दुसरी जागा डोक्यावरच्या काट्याखाली. कोळंबी उजेडात धरली की कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. गळ त्याच्या पुढून, काट्याच्या मुळाशी, आडवा घालायचा. ठिपक्याला टोक लागलं तर कोळंबी जागीच मरते. ही टोचणी तरंगाखाली, जवळ टाकायला. कोळंबी नैसर्गिकपणे पोहते आणि पाण्याचा ओढ असला तरी तोंड पुढे ठेवते.

यासाठी गळ बारीक तारेचा घ्या, १/० किंवा २/०. जाड गळाने कोळंबीचं अंग फाटतं आणि वजनाने ती तळाला बसते. बोयीला मात्र ४/० ते ५/०, वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पहिल्या पराच्या जरा पुढे, कातडीखालून. मणक्याला धक्का नको.

नव्याने घेणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं: गळाचे आकडे उलटे-सुलटे चालतात. नुसता आकडा असेल तर १ पेक्षा ४ लहान, ४ पेक्षा ८ लहान. पुढे शून्य लागलं की उलट, १/० पेक्षा ४/० मोठा.

रावसासाठी जुळणी नेमकी कशी बांधायची? शिसं किती, लीडर किती लांब? प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात.
— एक वाचक, मालाड

वेगळं सांगतात, कारण पाणी वेगळं असतं. जुळणी, म्हणजे दोर, शिसं आणि गळ यांची बांधणी, पाण्याच्या ओढावर ठरते, माशावर कमी. तीन जुळण्या आल्या की मुंबईत पुरतं.

पहिली, सरकत्या शिशाची. खाडीसाठी आम्ही हीच आधी शिकायला सांगू. मुख्य दोर २० ते ३० पौंडी ब्रेड, म्हणजे तेवढा ताण सोसणारा विणलेला दोर. त्यात आधी भोक असलेलं शिसं ओवा, मग एक रबरी किंवा प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकांना फिरत्या कड्या असलेला जोड, बांधा. मणी नसेल तर शिसं येऊन थेट गाठीवर आपटतं आणि दोन-तीन तासांत गाठ खचते. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ४० पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, ६० ते ९० सेंटीमीटर, हाच लीडर, आणि टोकाला गळ. मासा आमिष घेऊन निघाला की दोर शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही आणि तो आमिष सोडत नाही. ओढ जोरात असेल तर लीडर ४५ सेंटीमीटरवर आणा. लांब लीडर ओढात फिरून मुख्य दोराला गुंडाळतो. शेपटीला टोचलेली कोळंबी गोल फिरत असेल तरीही हेच होतं, तेव्हा लीडरला पीळ पडलेला दिसला तर आधी टोचणी तपासा.

दुसरी, शिसं तळाला आणि गळ बाजूला. गोराई, अर्नाळा यांसारख्या उघड्या किनाऱ्यावर, लाटांमध्ये, हीच. ४० ते ५० पौंडी तंगुसाचा मीटरभर तुकडा घ्या. खालच्या टोकाला शिसं, शिशापासून ४० सेंटीमीटर वर एक फांदी काढा, १५ ते २० सेंटीमीटर लांब, तिला गळ. वरच्या टोकाला स्विव्हल. आमिष आपोआप तळापासून वर राहतं. फांदी याहून लांब केली की ती मुख्य तंगुसाला वेढा घालते. वाळूत पिरॅमिडच्या आकाराचं शिसं रुतून बसतं, गोल शिसं लाटेबरोबर घरंगळत किनाऱ्याला येतं. चिखलात मात्र पिरॅमिड इतकं रुततं की काढताना दोर तुटतो, तिथे चपटं किंवा लांबट बरं.

लाटांवर १०० ग्रॅमच्या आसपासचं शिसं फेकायचं तर ३० पौंडी ब्रेड फेकीच्या झटक्यानेच तुटू शकतो, आणि सुटलेलं शिसं किनाऱ्यावरच्या माणसाला गोळीसारखं लागतं. त्यासाठी ब्रेडच्या पुढे जाड तंगूस जोडायचं. दर २८ ग्रॅम शिशामागे १० पौंड, हा हिशोब. म्हणजे ११० ग्रॅमला ४० पौंड, आणि वर थोडी खात्री म्हणून ५०. लांबी रॉडच्या दुप्पट, शिवाय रिळावर चार-पाच वेढे. जोडायला एफजी नावाची गाठ बारीक येते आणि रॉडच्या कड्यांत अडकत नाही. ती जमत नसेल तर दुहेरी युनी ही सोपी गाठ बांधा, पण सावकाश, थुंकी लावून ओढा.

तिसरी, तरंगाची. कांदळवनाच्या कडेला, धक्क्याच्या खांबांपाशी, पाणी दोन-तीन मीटर असेल तिथे. दोरावर थांब्याची गाठ, मणी, सरकता तरंग, १० ते १५ ग्रॅमचं शिसं, स्विव्हल, ६० सेंटीमीटर लीडर, गळ. थांबा असा सरकवा की आमिष तळापासून हातभर वर राहील. तरंग आडवा पडून तरंगत असेल तर शिसं तळाला टेकलंय, थांबा खाली घ्या. तरंग सारखा पाण्यात बुडत असेल तर शिसं जड आहे.

शिसं किती? आमिष जागेवर ठेवेल असं सगळ्यात हलकं. भरती-ओहोटी बदलताना ३० ग्रॅम पुरतं. त्याच जागी पाणी भर ओढात असताना ८० ग्रॅमही वाहून जातं. म्हणून खिशात ३०, ४५, ६० आणि ९० अशी चार वजनं ठेवा आणि पाणी बदललं की बदला. बहुतेक जण एकदा बांधलेलं शिसं घरी जाईपर्यंत काढत नाहीत, आणि खरी चूक तिथेच होते.

रॉडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत हे बरं केलंत. खाडीला सात फुटी, किनाऱ्याला नऊ-दहा फुटी, रीळ ४००० किंवा ५००० आकाराचं, यापलीकडे रॉडवर जेवढं बोललं जातं तेवढं त्याला महत्त्व नाही.

रावसासाठी तारेचा लीडर लावावा का?
— एक वाचक, दादर

नको. रावसाला कापणारे दात नसतात, कानसेसारखी बारीक खरखरीत दातांची पट्टी असते. ती तंगूस एकदम तोडत नाही, घासत जाते. त्यामुळे ४० पौंडी तंगूस पुरतं, मोठ्या माशांची शक्यता असेल तर ५० ते ६०. प्रत्येक माशानंतर गळाजवळचा वीतभर भाग नखाने चाचपा. खरखर लागली तर तेवढा कापून गळ पुन्हा बांधा. तार फक्त वाम किंवा सुरमईच्या आशेने.

सर्कल हुक घेतल्यापासून चावा येतो, मी जोरात हिसका मारतो, आणि गळ मोकळाच बाहेर येतो. गळ खराब आहे का?
— एक वाचक, वसई

गळ चांगला आहे, हिसका वाईट आहे. सर्कल हुकचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळतो, दोर ताणला जातो, गळ घशातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यापाशी येतो आणि तिथे वळून रुततो. हे व्हायला सावकाश ताण लागतो. हिसका मारला की टोक कुठेही न लागता गळ तोंडातून सरळ बाहेर.

रॉड हातात किंवा आधारावर ४५ अंशांत ठेवा, ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोर सोडेल ते, दोन किलोच्या आसपास. पहिले टक-टक ठोके येतील, तेव्हा हात बांधून बसा. रॉडचं टोक वाकून तसंच राहिलं की रीळ फिरवायला लागा, रॉड उचलू नका. पाच-सहा फेऱ्यांत वजन आलं की मग रॉड वर. मासा लागल्यावर ड्रॅग दोराच्या ताकदीच्या चौथाईपर्यंत न्यायला हरकत नाही, म्हणजे ३० पौंडी ब्रेडला साधारण साडेतीन किलो.

तरीही सुटत असेल तर टोक आणि दांडा यांच्यातली फट बघा. मोठी कोळंबी गळावर अख्खी ओवली की ती फट भरून जाते आणि टोकाला रुतायला जागाच उरत नाही. सर्कल हुकवर आमिष एकाच जागी टोचायचं, ओवायचं नाही. अख्खी मेलेली कोळंबी ओवून लावायची असेल तर साधा जे आकाराचा गळ घ्या, आणि तिथे मात्र हिसका लागतो.

उधाणाला जावं की भांगाला?
— एक वाचक, वर्सोवा

रावसाला चालतं पाणी हवं, पण उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या, ऐन ओढात शिसं टिकत नाही आणि पाण्यात एवढा गाळ-कचरा असतो की दर फेकीला गळावर प्लास्टिकची पिशवी. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी नितळतं आणि मंदावतं, तेव्हा रावस कमी खातो. मधले दिवस सगळ्यात बरे: पंचमी ते सप्तमी आणि एकादशी ते त्रयोदशी. उधाणालाच सुट्टी मिळाली, तर भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास आणि ओहोटी लागल्यानंतरचे दोन तास धरा.

पूर्ण भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय मुंबईची भरतीची कोष्टकं अपोलो बंदरची असतात. वसई किंवा ठाण्याच्या खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं, तेव्हा पहिले एक-दोन दिवस घड्याळ लावून आपल्या जागेचा फरक टिपून ठेवा.

खडकांवर किंवा चिखलात आत गेलात तर परतीची वाट भरतीत बुडते का, हे उतरतानाच बघा. चार-साडेचार मीटरची भरती चढते तेव्हा मागची वाट आधी जाते. टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावर लाटा अडवायला टाकलेल्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, तर चढूच नका. त्यांवर शेवाळ असतं आणि मधल्या फटीत पडलेल्या माणसाला वर काढायला कुणाचा हात पोचत नाही.

रबरी मासे आणि चमचे कधी वापरायचे?
— एक वाचक, नवी मुंबई

पाणी थोडं नितळ असताना आणि मासा वर दिसत असताना. पावसाळ्यानंतर गाळ बसला की, ओहोटी लागताना, बोयीची पिल्लं पृष्ठभागावर उडताना दिसली की आमिष बाजूला ठेवा आणि हे काढा. तेव्हा जिवंत कोळंबीपेक्षाही लवकर चावा येतो, कारण तासाभरात दहापट पाणी पालथं घालता येतं.

तीन-चार इंची, पसरट शेपटीचा रबरी मासा किंवा रबरी कोळंबी, जिग हेड, म्हणजे डोक्याला शिसं असलेला गळ, १० ते १४ ग्रॅम, ओढ असेल तर २०. रंग नितळ पाण्यात पांढरा-मोतिया, गढूळात गडद. टाका, तळाला टेकू द्या. दोर सैल पडतो तो क्षण ओळखा. दोनदा हलकेच उचला, पुन्हा पडू द्या. रावस बहुतेक वेळा पडताना घेतो, त्यामुळे पडताना दोर अगदी सैल ठेवू नका, नाहीतर चावा कळत नाही. सरळ रीळ फिरवत आणणाऱ्यांचा रबरी मासा तळापासून दोन मीटर वरून निघून जातो.

रबर गळावर वाकडं बसलं की ते पाण्यात फिरतं आणि रावस त्याकडे फिरकत नाही. टोचायच्या आधी रबर गळाशेजारी धरून टोक कुठे बाहेर यायला हवं ते नखाने खूण करा. धातूचा चमचा, म्हणजे चमच्यासारखं चमकतं नकली आमिष, २० ते २८ ग्रॅमचा, लाटांच्या मागे लांब फेकायला.

मुलगा व्हँकुव्हरजवळ राहतो. आम्ही दोघं जुलै-ऑगस्टमध्ये जाणार आहोत. यांना तिकडे सॅमन धरायचा आहे. इथली रावसाची जुळणी नेली तर चालेल का? शेवटी दोन्ही सॅमनच ना?
— एक वाचक, विलेपार्ले

नाही हो. हॉटेलच्या मेन्यूवर रावसाला इंडियन सॅमन लिहितात, एवढाच संबंध. खरा सॅमन वेगळ्या कुळातला, थंड पाण्याचा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. ब्रिटिश कोलंबियाच्या, म्हणजे व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्यावर पाच जाती मिळतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. यजमानांना इथून रॉड-रीळ उचलून न्यायची गरज नाही, तिथे बोटीवर सगळं मिळतं. पण काय मागायचं ते कळावं म्हणून सांगतो.

समुद्रात सॅमन खात असतो आणि तिथलं त्याचं खाणं म्हणजे हेरिंग, अँकोव्ही. बोट हळू चालवत आमिष खोलवर ओढतात. जड गोळ्याने दोर खाली नेणाऱ्या यंत्राला डाउनरिगर म्हणतात. त्यामागे फ्लॅशर, म्हणजे सुमारे ११ इंची चमकती पट्टी, गोल फिरते आणि लांबून मासा खेचते. फ्लॅशरमागे दोनपैकी एक लावतात. एक हूची, म्हणजे माकुळासारखी दिसणारी रबरी झालर. तिला स्वतःची हालचाल नसते, फ्लॅशरच्या झटक्यानेच ती हलते, म्हणून मधलं तंगूस आखूड आणि कडक लागतं, साधारण ९० ते १०५ सेंटीमीटर. दुसरं, प्लास्टिकच्या टोपीत बसवलेली अँकोव्ही किंवा हेरिंग. ती स्वतःच फिरते, म्हणून तिला दीड मीटर ते एक मीटर ऐंशी. ही दोन मापं आपसात बदलली की दिवसभर काहीच लागत नाही, आणि लोक दोष आमिषाच्या रंगाला देतात.

बोट थांबवून मासे धरायचे तर हेरिंगचं डोकं तिरकं कापतात, दोन गळ ओवतात, आणि त्या तिरप्या कापामुळे ती पाण्यात लाटण्यासारखी गरगरते. काप उभा झाला तर फिरत नाही. हेरिंग आधी जाड, बिनआयोडीनच्या मिठाच्या थंड पाण्यात ठेवून घट्ट करतात. वर आपण कोळंबी करतो तसाच प्रकार.

नदीत शिरला की सॅमन खाणं जवळजवळ सोडतो. तिथे तो भुकेने चावत नाही, चिडून किंवा जुन्या सवयीने चावतो. म्हणून तिथे सॅमनचीच अंडी, बोरॅक्स आणि मिठात मुरवून, अंगठ्याच्या नखाएवढा गोळा, तरंगाखाली, तळापासून थोडी वर, प्रवाहाच्या वेगानेच वाहू देतात. नाहीतर फिरत्या पात्याचा स्पिनर. कोहोला तो फार आवडतो. फ्रेझर नदीत पिंक सॅमन विषम सालांतच मोठ्या संख्येने येतो, तेव्हा तुमचं जाणं कोणत्या साली आहे ते बघा.

नियम तिकडे कडक आहेत. समुद्रासाठी केंद्र सरकारच्या मत्स्य खात्याचा परवाना लागतो, सॅमन ठेवून घ्यायचा असेल तर त्यावर वेगळा शिक्का विकत घ्यावा लागतो. नदीसाठी प्रांताचा परवाना वेगळा. गळाला उलटा काटा चालत नाही, म्हणून इथले गळ नेलेत तरी काटा पक्कडीने दाबून सपाट करावा लागेल. कोणत्या भागात कोणती जात ठेवता येते ते हंगामातही बदलतं आणि काही नद्यांत आमिषालाच बंदी असते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मुलाला खात्याच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना बघायला सांगा.

वीतभर रावस लागतात. ठेवावेत का?
— एक वाचक, उत्तन

सोडा. रावस आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. लहान मासे उचलत गेलो तर माद्या व्हायलाच कुणी उरत नाही. हा मासा नाजूक आहे, लवकर थकतो आणि लवकर मरतो. हात ओले करा, शक्य तर पाण्यातच गळ सोडवा, कल्ल्यांना बोट लावू नका. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, तंगूस कापा.

ठेवायचा असेल तर लगेच रक्त काढून बर्फात घाला. दोन भाग बर्फाच्या चुऱ्यात एक भाग खारं पाणी घालून त्यात बुडवला की तो नुसत्या बर्फाच्या लादीवर ठेवण्यापेक्षा लवकर गार होतो. उन्हात तासभर पडलेल्या रावसाचं मांस शिजवताना विरतं.

शिंगाळ्याचा काटा हाताला लागला, दोन दिवस हात सुजून होता. अशा वेळी काय करावं?
— एक वाचक, मढ

शिंगाळ्याचे काटे तीन: एक पाठीवर, दोन छातीच्या परांत. कडेला करवतीसारखे दाते असतात आणि विष असतं. लागल्यावर जखम स्वच्छ धुवा आणि हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना बरीच उतरते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. घट्ट दोरी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने चोखणं यातलं काही नको. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वर चढत असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय, पण तो छातीत किंवा पोटात लागला तर थेट रुग्णालय.

चहाचा थर्मास नेता तसा एक गरम पाण्याचा न्या. आणि शिंगाळा हाताने सोडवूच नका. लांब पक्कडीने गळ पकडून उलटा करा, तो स्वतःच्या वजनाने सुटतो.

रॉड लोकलमधून नेता येतो का? टीसी किंवा पोलीस अडवतात का?
— एक वाचक, कल्याण

अडवण्याची काळजी नंतर, आधी डोक्यावरच्या तारेची. लोकलच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, फार जवळ गेला तरी पुरतं. रॉड नेहमी सुटे भाग करून पिशवीत, आडवा किंवा बगलेत. फलाटावर किंवा पादचारी पुलावर जोडून बघायचा मोह टाळा, ओल्या पावसात तर नक्कीच. खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली फेक करतानाही हेच लक्षात ठेवा.

गर्दीच्या वेळी रॉड घेऊन चढू नका, मधल्या स्टेशनावर उतरणाऱ्यांच्या पायात येतो. मालडब्यातून जाणं बरं, तिथे आमिषाच्या वासाचीही कुणी तक्रार करत नाही. कोळंबी दोन पिशव्यांत, झाकणाच्या डब्यात, सोबत गोठवलेली बाटली. चढण्याआधी गळ दोरावरून कापून डबीत टाका, नुसता रॉडच्या कडीत अडकवून ठेवलेला गळ धक्क्याने सुटतो आणि शेजाऱ्याच्या शर्टात जाऊन बसतो.